बाईंचं पत्र, चार उत्तरपत्रिका

१

पत्र नाहीसं झाल्याचं सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी उघडकीस आलं आणि सव्वादहापर्यंत चोर कोण हेही ठरलं. विद्यापीठात एरवी इतक्या झपाट्याने काही होत नाही. खडूच्या खोक्याची मागणीसुद्धा तीन टेबलांवर मुक्काम करून पुढे सरकते.

पत्र बाईंचं होतं. चाळीस वर्षांपूर्वी या विद्यापीठाला दोन दारं होती. पुढचं शिकणाऱ्यांसाठी, मागचं बाईंच्या वस्तीतल्या माणसांसाठी, म्हणजे झाडणाऱ्यांसाठी आणि भांडी घासणाऱ्यांसाठी. एक दिवस बाई पुढच्या दाराच्या पायऱ्यांवर येऊन बसल्या आणि त्यांच्यामागे सगळी वस्ती येऊन बसली. चौऱ्याण्णव दिवस. शेवटी विद्यापीठानेच फोन करून पोलीस बोलावले. (त्या फोनचं स्मारक अजून झालेलं नाही.) पुढे वारं फिरलं, दार उघडलं, आणि बाई अजून तुरुंगातच असताना विद्यापीठाने त्यांना मानाची पदवी देऊ केली. तिला बाईंनी तुरुंगातून जे उत्तर धाडलं ते हे पत्र. विद्यापीठाने ठराव केला: पत्रातल्या सर्व विनंत्या मान्य.

तेव्हापासून पत्र सभागृहाबाहेरच्या दालनात, काचेच्या पेटीत, मखमलीवर होतं. वरच्या बाजूने ते मोकळं आणि तळाशी एका पितळी पट्टीखाली दाबलेलं. पट्टीवर पेटीचं अनावरण करणाऱ्या त्या वेळच्या कुलगुरूंचं नाव होतं. नाव लांब, त्यात पदव्या पाच, त्यामुळे पट्टी चांगली चार बोटं रुंद करावी लागली. शेजारच्या भिंतीवर तेच पत्र दगडात कोरलेलं. येणारेजाणारे दगड वाचत, कारण त्याची अक्षरं मोठी होती.

आज बाईंचा स्मृतिदिन. संध्याकाळी पाचला समारंभ. आणि पेटीत नुसती मखमल.

चोर म्हणून ठरल्या त्या सफाईच्या मावशी. पेटीची किल्ली त्यांच्या कमरेला असे, कारण काच आतूनही पुसावी लागते. कारणही तयार होतं. मागच्या दाराजवळच्या अकरा खोल्या, ज्यांत सफाईची माणसं राहत, सोमवारी पाडायच्या होत्या. तिथे बाईंच्या नावाचं स्मृतिसंकुल उभं राहणार होतं. अकरापैकी एका खोलीत मावशींचा नवरा खाटेवर होता. बॉयलरवर तीस वर्षं काढून त्याची फुप्फुसं गेली होती. नाकात नळी, नळीपलीकडे यंत्र, यंत्रापलीकडे भिंतीतलं बटण. एवढाच त्याचा संसार उरला होता आणि तो उचलून कुठे नेता येत नव्हता. 'सहा महिने तरी राहू द्या' असा मावशींचा अर्ज आज चारच्या बैठकीत यायचा होता.

कुलसचिव मावशींना म्हणाले, "चारपर्यंत पत्र जागेवर आलं नाही तर अर्जाचं विसरा. आजच खोली रिकामी करायची."

"साहेब, मी घेतलं असतं तर फरशी पुसत इथेच थांबले असते का?"

"चोर काय काय करतात ते मला सांगू नका."

मावशी खाली बसल्या आणि दालनाची उरलेली फरशी पुसून काढली. अर्धी पुसलेली फरशी बरी दिसत नाही.

२

बाईंच्या दिवशी बाईंच्याच वस्तीतल्या बाईला पोलिसांच्या गाडीत घालणं कार्यक्रमपत्रिकेत बसत नव्हतं. म्हणून भरारींना बोलावलं.

भरारी म्हणजे परीक्षा विभागाच्या भरारी पथकाचे निवृत्त प्रमुख. एकतीस वर्षं त्यांनी कॉप्या पकडल्या. खिशात, मोज्यात, पट्टीच्या मागे, प्लास्टरमध्ये, एकदा तर खुद्द पर्यवेक्षकाच्या टोपीत. त्यांचं खरं नाव पेन्शनच्या कागदावर होतं, बाकी सगळीकडे भरारीच. त्यांचा एकच सिद्धांत होता, आणि तो ते लग्नाच्या पंगतीतही ऐकवत: "बरोबर उत्तर दोघांचं सारखं आलं तर त्यात नवल नाही. चूक सारखी आली, की समजावं, एकाने दुसऱ्याचं पाहिलं."

ते अकराला आले. पेटीभोवती दोनदा फिरले आणि पट्टीवर चष्मा टेकवला.

"पट्टी काढून परत बसवलीय," ते म्हणाले. "स्क्रूच्या खाचा ताज्या ओरखडल्यात."

"मग?" कुलसचिव म्हणाले.

"रागावलेला माणूस कागद ओढून काढतो. खाली एखादा तुकडा राहतो. इथे कोणीतरी स्क्रू काढून, कागदाला इजा न करता, पत्र उचललंय आणि पट्टी परत जागच्या जागी लावलीय. चोराला कागदाची माया आहे."

"मावशीलाही असेल."

"असेल. दुसरी किल्ली कुठे असते?"

"माझ्या खुर्चीमागे. खिळ्याला."

"तुमच्या खोलीत चहाला कोण कोण येतं?"

कुलसचिवांनी जरा विचार केला. "सगळेच."

त्या 'सगळ्यां'तून भरारींनी पत्राशी संबंध असलेले निवडले, तेव्हा तीन उरले. पहिले स्वतः कुलसचिव. त्यांना संकुल वेळेत हवं होतं, कारण कोनशिलेवर त्यांचं नाव खालून दुसरं होतं.

दुसरा बाईंचा पुतण्या. पन्नाशीचा, दरवर्षी पहिल्या रांगेत.

"आपला व्यवसाय?" भरारींनी विचारलं.

"पुतण्या."

"पूर्णवेळ?"

"हल्ली वेळ पुरत नाही," पुतण्या म्हणाला. "पत्र मी मागच्या महिन्यात लेखी मागितलं होतं. आत्याची वस्तू घरात नको का? यांनी नाही म्हणून कळवलं. पण मी चोरी कशाला करीन? चोरलेलं पत्र घरात टांगून पाहुण्यांना काय सांगू?"

हे भरारींना पटलं. मिरवण्यासाठी हवी असलेली वस्तू कोणी चोरून आणत नाही.

तिसरे प्राध्यापक. बाईंच्या नावाच्या अध्यासनाचे प्रमुख, तीन महिन्यांनी निवृत्त होणार. बाईंच्या लेखनाचं त्यांचं पुस्तक नऊ आवृत्त्यांत निघालं होतं आणि प्रत्येक आवृत्तीच्या पहिल्या पानावर 'संहिता मुळाबरहुकूम' असं छापलेलं. मुलं त्यांना मागे 'मुळाबरहुकूम' म्हणत, पुढेही एकदा चुकून म्हणाली होती.

"मी काल दिवसभर भाषण लिहीत होतो," प्राध्यापक म्हणाले. त्यांचा चेहरा तापातून उठल्यासारखा दिसत होता. "पत्र सापडेल ना हो?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मावशीने घेतलं असेल असं मला वाटत नाही." एवढं बोलून ते खिडकीकडे वळले. "पण माझ्या वाटण्याला काय किंमत."

भरारी मावशींच्या खोलीतही जाऊन आले. झडती नव्हे; खोलीत झडती घ्यावी एवढी जागाच नव्हती. खाट, यंत्र, एक कपाट, आणि बांधून ठेवलेली चार गाठोडी. नवऱ्याने नळीआडून विचारलं, "हे भिंतीतून काढलं तर यंत्र किती वेळ चालतं, साहेब? आतली बॅटरी?"

"मला ठाऊक नाही."

"मला ठाऊक आहे. वीस मिनिटं. मी म्हटलं तुम्हाला काही वेगळं माहीत असेल."

बाहेर आल्यावर भरारींनी घड्याळ पाहिलं. दीड वाजला होता, आणि हातात पितळी पट्टीशिवाय काही नव्हतं. एकतीस वर्षांत त्यांनी कधी आरोपीला सोडवायचं काम केलं नव्हतं. पकडणं सोपं असतं. ते परीक्षा विभागाच्या जुन्या पायरीवर बसले आणि बराच वेळ नुसते बसून राहिले. मग उठले आणि शिपायाला म्हणाले, "चार कोऱ्या उत्तरपत्रिका आण. पुरवणी नको."

३

दोन वाजता वर्ग क्रमांक सातमध्ये, एक सोडून एक बाकावर, चौघं बसले. कुलसचिव, पुतण्या, प्राध्यापक आणि मावशी. बाक लहान मुलांच्या मापाचे नसले तरी कुलसचिवांच्या मापाचेही नव्हते.

"पत्र नाही मिळालं तर संध्याकाळी वाचायचं काय?" भरारी म्हणाले. "म्हणून प्रत्येकाने बाईंचं पत्र आठवेल तसं लिहून द्या. वीस मिनिटं. इकडेतिकडे पाहू नका. मला सवय आहे."

"मी कुलसचिव आहे," कुलसचिव म्हणाले.

"मग तुमचं अक्षर आधीच ओळखीचं आहे. लिहा."

"मला लिहिता येतं, पण सावकाश," मावशी म्हणाल्या.

"सावकाश लिहा. पत्र लहानच आहे."

पत्र खरोखर लहान होतं. दगडावर ते असं होतं:

'मुलांनो आणि मास्तरांनो, तुम्ही मला पदवी देताय असं कळलं. इथे ती टांगायला खिळा नाही. पदवीऐवजी माझ्या तीन विनंत्या मान्य करा. पहिली, पुढचं दार कुणासाठीही बंद करू नका आणि मागचं कायमचं बंद करा. दुसरी, माझा पुतळा उभारू नका. उभारलाच तर उन्हात उभारा, मला सावलीची सवय नाही.'

(पुतळा उभारला. वर छत्री केली. छत्रीचं वेगळं उद्घाटन झालं.)

वीस मिनिटांनी भरारींनी चार पत्रिका गोळा केल्या, चौघांना तिथेच बसायला सांगितलं आणि स्वतः बाहेरच्या पायरीवर येऊन तपासायला बसले. कुलसचिवांनी 'खिळा'ऐवजी 'भिंत' लिहिलं होतं. पुतण्याने मध्येच 'माझ्या लाडक्या पुतण्या' घुसवलं होतं. प्राध्यापकांचं शब्दन्‌शब्द सुवाच्य.

मावशींच्या पत्रिकेपाशी ते थांबले. मावशींनी सगळं नीट लिहिलं होतं, आणि शेवटी नव्या ओळीवर 'तिसरी' असं लिहून पुढे जागा मोकळी सोडली होती. पेपर सोडवताना न आलेल्या प्रश्नाला मुलं सोडतात तशी.

भरारी उठले आणि झपझप दालनात गेले. दगडासमोर उभं राहून त्यांनी बोटावर मोजलं. पहिली. दुसरी. पुन्हा मोजलं.

दगडावर 'तीन विनंत्या' होत्या आणि विनंत्या दोनच होत्या. चाळीस वर्षांत हजारो माणसांनी हे वाचलं होतं, पाठ केलं होतं, वक्तृत्व स्पर्धेत हातवारे करून म्हटलं होतं. खुद्द भरारींनीही. मोजलं कोणीच नव्हतं.

त्यांनी पत्रिका पुन्हा काढल्या. कुलसचिव: तीन. पुतण्या: तीन. मावशी: तीन.

प्राध्यापक: 'पदवीऐवजी माझ्या दोन विनंत्या मान्य करा.'

तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

४

भरारींनी बाकीच्या तिघांना दालनात पाठवलं, वर्गाचं दार लोटून घेतलं आणि प्राध्यापकांसमोरच्या बाकावर बसले.

"सर, तुमचा पेपर सगळ्यांत चांगला आहे. चूकच नाही."

प्राध्यापक पेन खिशाला लावत होते.

"मी जन्मभर सारख्या चुका शोधल्या. आज पहिल्यांदा चूक नसलेला पेपर घेऊन बसलोय. दगडावर तीन आहे. तुमच्या नवव्या आवृत्तीतही तीन आहे, मी मघाशी ग्रंथालयाला फोन करून खात्री करून घेतली. आज तुम्ही दोन लिहिलंत."

"घाईत झालं असेल."

"घाईत माणूस सवयीचं लिहितो. ज्याला काहीच ठाऊक नाही, तो बिनदिक्कत तीन लिहितो. ज्याला शंका आलीय, तो मावशीसारखी जागा सोडतो. दोन कोण लिहील? ज्याला तिसरी ठाऊक आहे आणि ती कोणी विचारू नये असं वाटतं, तो."

प्राध्यापकांनी चष्मा काढला. तो पुसायला हवा होता, पण त्यांनी पुसला नाही.

"ती पट्टीखाली होती," ते म्हणाले. "चार ओळी. कुलगुरूंच्या नावाखाली. पाथरवटाने पेटीत दिसलं तेवढं कोरलं आणि मी..." ते थांबले. "मी दगडावरून उतरवून घेतलं, भरारी. तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. पेटी उघडायला अर्ज करावा लागत होता आणि दगडाला अर्ज लागत नव्हता. 'मुळाबरहुकूम' असं लिहिलं, कारण सगळेच लिहितात. पुढे आवृत्तीमागून आवृत्ती निघाली आणि मलाही ते खरं वाटायला लागलं."

"मग आत्ताच का पाहिलंत?"

"मंगळवारी तिने विचारलं. हातात फडकं होतं. म्हणाली, सर, अकरा वर्षं पुसतेय, तिसरी कुठाय? मी म्हणालो, मावशी, ती ओळींच्या मधे आहे, अभ्यासाने कळते." ते हसायला गेले, पण ते जमलं नाही. "काल दुपारी सगळे समारंभाच्या तालमीला होते. किल्ली खिळ्यावर होती. मला फक्त पाहायचं होतं. पाहिलं, आणि परत ठेवायचा धीर झाला नाही. तीन महिने राहिलेत माझे. आता नऊ आवृत्त्यांचं काय सांगू कुणाला?"

"आज सकाळपासून तिच्यावर आळ आहे."

"हो."

"तिचा नवरा वीस मिनिटांच्या बॅटरीवर बाहेर पडणार होता."

"मला ते माहीत नव्हतं," प्राध्यापक म्हणाले. "पण माहीत असतं तरी मी गप्प बसलो असतो की काय, हे मला सांगता येत नाही. सकाळपासून तेच करतोय."

"पत्र कुठे आहे?"

"ग्रंथालयात. माझ्याच पुस्तकात, आठव्या आवृत्तीच्या प्रतीत. ती शेवटची बाहेर गेली त्याला चौदा वर्षं झाली. त्याहून सुरक्षित जागा या विद्यापीठात नाही."

५

पावणेचारला पत्र कुलसचिवांच्या टेबलावर होतं. भरारी, प्राध्यापक आणि मावशी उभे होते, कारण खुर्च्या पाहुण्यांसाठी खाली नेल्या होत्या. कुलसचिवांनी शेवटच्या चार ओळी मनात वाचल्या आणि मग दार बंद केलं.

'तिसरी, तुमचं आवार झाडणारी माणसं मागच्या दाराजवळच्या खोल्यांत राहतात. मागच्या दाराला कुलूप लावाल तेव्हा त्यांना बाहेर ठेवून लावू नका. त्या खोल्या त्यांच्या आहेत असं समजा. एवढं केलंत तर मी पदवी घेतली असं समजेन.'

"ठरावात 'सर्व विनंत्या मान्य' असं आहे," भरारी म्हणाले.

"किती ते ठरावात नाही," कुलसचिव म्हणाले. आवाज शांत होता. ते वाईट गृहस्थ नव्हते, फक्त निविदा निघालेली होती. "हे पाहा. पत्र पेटीतच मखमलीमागे घसरलं होतं. असं होतं कधीकधी. चोरी झालीच नाही. सरांची नोकरी, नाव, सगळं शाबूत. पट्टी होती तिथे बसेल. आणि मावशी, तुमचा अर्ज. सहा महिने कशाला, नवरा असेपर्यंत खोली तुमची. एक खोली मागे ठेवून संकुल बांधता येईल. मी आत्ता सही करतो."

"आणि बाकीच्या दहा?" मावशींनी विचारलं.

"त्यांनी अर्ज केलेला नाही."

त्यांनी खरंच पेनचं टोपण काढलं. मावशी त्या पेनकडे पाहत राहिल्या. मावशींना हो म्हणायचं होतं, हे भरारींना स्पष्ट दिसलं. त्यांच्या जागी कोणीही म्हटलं असतं, आणि कोणी नाव ठेवलं नसतं. त्यांचा हात कमरेशी गेला, तिथे किल्ली होती, ती त्यांनी घट्ट धरली.

"त्या दहांत माझी जाऊ आहे," त्या म्हणाल्या. "ती दुपारची यांच्या उशाशी बसते म्हणून मी कामाला येते. ती गेली तर ही खोली घेऊन मी करू काय?" मग प्राध्यापकांकडे वळल्या. "सर, संध्याकाळी पत्र तुम्हीच वाचता ना दरवर्षी?"

"हो."

"मग आज पुरतं वाचा."

"वाचलंत तर ही सही नाही," कुलसचिव म्हणाले. "तुम्हालाही नाही आणि कोणालाही नाही. सोमवार म्हणजे सोमवार."

"कळलं, साहेब."

कुलसचिवांनी टोपण लावलं.

पाचला सभागृह भरलं. प्रमुख पाहुण्या म्हणून एक निवृत्त न्यायाधीश बाई आल्या होत्या. त्यांना दोन पुष्पगुच्छ दिले गेले आणि दोन्ही लगेच काढून घेतले गेले. पुतण्या पहिल्या रांगेत होता. मावशी नेहमीसारख्या दाराशी, बादलीजवळ. भरारींनी त्यांना आत बसायला सांगितलं, पण त्या म्हणाल्या, पाय दुखतात तेव्हा उभंच बरं वाटतं.

प्राध्यापक उठले. हातातला मूळ कागद त्यांनी व्यासपीठाच्या फळीवर दोन्ही तळव्यांनी दाबून धरला. 'माझ्या तीन विनंत्या मान्य करा,' त्यांनी वाचलं. पहिली वाचली. दुसरी वाचली. सावलीची सवय नाही, असं ते म्हणताच सभागृहाने टाळ्या वाजवल्या. तिथेच वाजवायच्या असतात. टाळ्या संपल्या, खुर्च्या सरकल्या, सूत्रसंचालकाने ध्वनिक्षेपकाकडे हात पुढे केला. प्राध्यापक जागचे हलले नाहीत.

"तिसरी," ते म्हणाले. "तिसरी मी आजवर वाचली नाही, कारण मी पत्रच वाचलं नव्हतं. पुस्तकावर मात्र मुळाबरहुकूम असं छापलं. हे पत्र काल मी चोरलं. मावशींनी नाही."

आणि त्यांनी चार ओळी वाचल्या.

आता टाळ्या वाजवायच्या की नाहीत हे कोणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे कोणी वाजवल्या नाहीत. कुलगुरूंनी कुलसचिवांकडे पाहिलं, कुलसचिवांनी छताकडे. पुतण्याने उभं राहावं की बसावं याचा विचार अर्धवट उभं राहून केला. प्राध्यापक खुर्चीवर जाऊन बसले आणि त्यांनी चष्मा पुसला.

न्यायाधीश बाईंनी कागद मागून घेतला, स्वतः वाचला आणि ध्वनिक्षेपक जवळ ओढला.

"ही माणसं आता कुठे राहतात?" त्यांनी विचारलं.

सगळं सभागृह हळूहळू दाराकडे वळलं. मावशींनी हातातलं फडकं बादलीच्या काठावर ठेवलं.

"सोमवारपर्यंत इथंच," त्या म्हणाल्या.